दर आधी, काम मागून

‘पैशांचं बघू हो नंतर, आधी काम तर होऊ दे.’ आमच्या व्यवसायात हे वाक्य रोज कुठे ना कुठे बोललं जातं. काम देणारा बोलतो, काम घेणाराही बोलतो, आणि घेणाऱ्याच्या तोंडी ते जास्त वेळा असतं. मी पुस्तकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, आतली पानं, मुखपृष्ठ, छपाईला जाणारी शेवटची फाइल, सगळं. पुण्यात कोथरूडला घरातल्याच एका खोलीत काम चालतं. आजूबाजूला माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी आर्किटेक्ट, कुणी लग्नाचे फोटो काढतं, कुणी शास्त्रीय गाण्याच्या शिकवण्या घेतं. एकेकाच्या हातात काय कसब आहे! पण दर सांगायची वेळ आली की आवाज खाली येतो. ‘तुमच्याकडून काय घ्यायचं’, ‘द्या समजून काय ते’, ‘तुम्हीच ठरवा ना’. ह्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते आणि त्यांचं असं होताना बघवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत हे लहानपणापासून मुरलेलं असतं. अभ्यास करावा, नोकरी लागावी, पगार पहिल्या तारखेला आपोआप यावा. आपल्या कामाची किंमत आपल्याच तोंडाने सांगायची वेळ नोकरदार माणसावर फारशी येत नाही, त्यामुळे घरात कुणी ती सांगताना आपण ऐकलेलंच नसतं. उलट पैशाचं बोलणारा माणूस जरा हलका, असा एक समज नकळत बसतो. खरं तर ह्या शहराला हिशेबाची लाज वाटायचं काहीच कारण नाही. पेशवाईतल्या रोजकीर्दीचे मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपून ठेवलेले आहेत. कुठल्या दिवशी कुणाला काय दिलं, हे त्या काळच्या कारकुनांनी नेमाने टिपून ठेवलं म्हणून आज इतिहास लिहिता येतो. त्याच पुण्यात, सगळे पदवीधर असताना, आपण बिल पाठवायला आठ-आठ दिवस लावतो.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्याला तोंडपाठ आहे. तरी भीड जात नाही, कारण ती म्हणींनी जात नाही. निश्चयानेही जात नाही, असं माझं मत होत चाललं आहे. ‘आता मी ठामपणे बोलणार’ असं ठरवून फोन उचललेली माणसं मी पाहिली आहेत. समोरून ‘अहो, आपलं घरचं काम आहे’ एवढं आलं की तो ठामपणा विरघळतो. भीड कमी होते ती सवयीने. ठरलेला वार, ठरलेला कागद, ठरलेली दोन वाक्यं. धीर रोज कुठून आणायचा? सवय असली की तो आणावाच लागत नाही.

हे मी शिकले नारायण पेठेतल्या एका छापखान्यात. स्वतःचं काम सुरू करण्याआधी तिथे नोकरीला होते. मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका अतिशय मवाळ, गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पण त्यांच्याकडे प्रत्येक कामाचं एक मोठं खाकी पाकीट असायचं. पाकिटावर रबरी शिक्क्याने रकाने उमटवलेले असत: जॉब नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, आकार, एकूण पानं, फॉर्म (एकदम छापायचे पानांचे गट), कागद, प्रती, प्रूफं (तपासायच्या कच्च्या प्रती) किती वेळा, आगाऊ रक्कम, बाकी, द्यायची तारीख. आत घडी घातलेली डमी, म्हणजे पुस्तकाचा कोरा नमुना, कोटेशनची कार्बन प्रत, आणि काम पुढे जाईल तशी सही केलेली प्रूफं. पाकीट टेबलावरून टेबलावर जायचं. ‘आगाऊ’चा रकाना कोरा असेल तर जुळणी करणारी बाई ते पाकीट उचलायचीच नाही. तिला तशी सूचना होती.

काकांचे जुने स्नेही यायचे, कुणी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन, कुणी स्वतःचा कवितासंग्रह घेऊन. ‘अरे, आपल्यात कसलं आगाऊ?’ म्हणायचे. काका हसून म्हणायचे, ‘माझं काही नाही रे, पाकीट पुढे सरकत नाही.’ आणि तो स्नेही, जराही न दुखावता, खिशात हात घालायचा. मी तेव्हा ते रोज बघत होते. पुढे स्वतः व्यवसायात पडल्यावर त्यातली खुबी ध्यानात आली. पाकिटाने पैशाचं बोलणं व्यक्तीकडून काढून कामाच्या पद्धतीकडे दिलं होतं. त्यामुळे काकांचा एकही स्नेही तुटला नाही, आणि माझ्या आठवणीत कामगारांचा पगार कधी लांबला नाही.

माझ्याकडे खाकी पाकीट नाही, एक पानी पत्र आहे. काम कितीही लहान असो, कितीही ओळखीतलं असो, ते पत्र गेल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. त्यात पुस्तकाचा आकार असतो, पानांचा अंदाज असतो, पानामागचा दर असतो. मुखपृष्ठाचे किती पर्याय देणार, प्रूफं किती वेळा देणार, चित्रं आणि छायाचित्रं कुणी आणायची, फाइल कुठल्या स्वरूपात मिळणार, हे सगळं असतं. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली छपाईची फाइल देण्याआधी. आणि एक कलम असतं ज्याच्यावर माझा फार जीव आहे: तिसऱ्या प्रूफनंतरच्या दुरुस्त्यांना तासावर दर.

ते कलम का, हे सांगायला थोडं आत शिरावं लागेल. पुस्तक तिसऱ्या प्रूफला आलेलं असतं आणि लेखकाचा फोन येतो, ‘काही नाही हो, दोनच ओळी घालायच्यात.’ त्या दोन ओळी प्रकरणाच्या सुरुवातीला घातल्या की त्या पानाच्या तळच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात. तिथे छायाचित्र असतं, ते खाली ढकललं जातं आणि त्याच्याखालची माहितीची ओळ त्याच्यापासून तुटते. चित्र पुढच्या पानावर न्यावं तर इथे पांढरी जागा उरते. प्रकरण संपताना नेमक्या दोन ओळी नव्या पानावर एकट्या जाऊन पडतात, म्हणजे एक पान वाढलं. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं ठरलेलं असेल तर दोन वाढली. अनुक्रमणिकेतले आकडे बदलले. शेवटी नामसूची असेल तर तिचे सगळे आकडे पुन्हा तपासायचे. पुस्तक 16 पानांच्या फॉर्मांत नेमकं बसवलेलं होतं, ते आता फॉर्मच्या बाहेर गेलं, म्हणजे छपाईचा हिशेब बदलला. पानं वाढली की स्पाइन, म्हणजे पुस्तकाची पाठ, जाड होते, म्हणजे मुखपृष्ठाची फाइलही उघडायची.

ह्यात लेखकाची काही चूक नाही. त्याला दोन ओळी दिसतात, त्या ओळींच्या मागे काय हलतं ते दिसत नाही. ते त्याला आधी सांगणं हे माझं काम आहे. ते कलम पत्रात आल्यापासून लेखकांचे फोन वेगळे येऊ लागले. ‘दुरुस्त्या एकत्र करून शुक्रवारी पाठवतो, चालेल ना?’ म्हणतात. तासावरचे पैसे द्यायची वेळ फार थोड्यांवर येते. पुस्तकही सुधारतं, कारण लेखक दुसरं प्रूफ नीट वाचतो. म्हणून मला वाटतं, दराचं स्पष्ट बोलणं हा कामाच्या गुणवत्तेचाच भाग आहे. डॉक्टर असो की फोटोग्राफर, प्रत्येकाच्या धंद्यात अशा ‘दोन ओळी’ असतात. त्या कुठल्या, हे ज्याचं त्याने शोधून लिहून काढावं.

बिलांसाठी शनिवार सकाळ ठेवलेली आहे. त्या वेळात नवं काम नाही. आठवड्यात जे पुरं झालं त्याची बिलं जातात, बँकेत काय आलं ते वहीत चढतं, आणि येणं बाकी असलेल्यांची यादी होते. ही यादी बघणं सुरुवातीला जिवावर येतं, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. म्हणूनच वार ठरवायचा. मन नसलं तरी शनिवार येतोच.

वसुलीचे फोन मंगळवारी सकाळी 11 नंतर. सोमवारी लोक कामाच्या ढिगाऱ्यात असतात. फोन कुणाला करायचा हेही महत्त्वाचं. ज्यांच्याशी आपण पुस्तकाविषयी बोलतो त्या संपादकांना पैशाचं विचारलं की दोघेही अवघडतात. मी सरळ हिशेब विभागात फोन करते. संभाषण साधारण असं होतं:

‘नमस्कार, मागच्या महिन्याच्या 12 तारखेचं बिल पाठवलं होतं, मिळालं का?’

‘हो मॅडम, मिळालंय. साहेबांची सही राहिलीय.’

‘सह्या कुठल्या वारी होतात तुमच्याकडे?’

‘गुरुवारी.’

‘मग ह्या गुरुवारी होईल ना? मी शुक्रवारी सकाळी एक फोन करते.’

बस. आवाजात आर्जव नको आणि रागही नको. ‘सही कुठल्या वारी’ हा प्रश्न मला फार उपयोगी पडला आहे. बहुतेक वेळा समोरच्याची नियत वाईट नसते, कागद कुणाच्या तरी टेबलावर अडकलेला असतो. तो कुठल्या टेबलावर आहे हे विचारणाऱ्याचा कागद हलतो. आणि शुक्रवारी म्हटलं की शुक्रवारी फोन करायचाच. दोन-तीनदा तसं झालं की हिशेब विभागातली माणसं आपल्याला ओळखायला लागतात. त्यातल्या एक ताई तर आता स्वतःहून कळवतात, ‘तुमचं निघालं हं आज.’

कधी कधी मात्र समोरचा खरोखरच टोलवतो. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम होतं. स्मरणिका छापून, वाटून, समारंभ होऊन गेला, तरी उरलेली रक्कम यायचं नाव नाही. अध्यक्ष बदलले, मग खजिनदार बदलले. तिथे मला कायद्याचा आधार घ्यावा लागला, आणि तो आपल्यासारख्यांना आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा 2006 सालचा. त्याखाली उद्यम नोंदणी करता येते. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि फुकट होते. पैसे मागणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांपासून मात्र जपावं. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत 45 दिवसांच्या वर जात नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय 2023-24 पासून आयकरात आणखी एक तरतूद लागू झाली. मुदतीत न दिलेलं असं देणं ज्या वर्षी प्रत्यक्ष दिलं जाईल त्याच वर्षी खर्चात धरता येतं. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे सीए स्वतःच विचारायला लागले आहेत, कुणाकुणाचं देणं राहिलंय म्हणून.

मी संस्थेला साधं, नम्र पत्र लिहिलं. उद्यम क्रमांक, बिलाची तारीख, मुदत कधी संपली, एवढंच. खाली एक ओळ, की रक्कम न आल्यास ह्याच कायद्याखाली असे तंटे ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करावा लागेल. रक्कम आली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असते. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, हे लक्षात ठेवा. भांडण झाल्यावर करायची ती गोष्ट नाही.

आता आलेल्या पैशांचं. बँकेत जमा झालेली सगळी रक्कम आपली नसते, हे मनावर बिंबायला वेळ लागतो. माझी खाती वेगळी आहेत. एका खात्यात फक्त गिऱ्हाइकांचे पैसे येतात. आले त्याच दिवशी त्यातला कराचा वाटा दुसऱ्या खात्यात जातो, आणि त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. घरखर्चाच्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक रक्कम, म्हणजे माझा पगार. काम जास्त झालं म्हणून तो वाढत नाही, कमी झालं म्हणून घटत नाही.

कराच्या तारखा पाठ असाव्यात. आधीच कापला गेलेला कर वजा जाता वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए, अंतर्गत सजावट करणारे, तांत्रिक सल्लागार अशा नेमून दिलेल्या व्यवसायांना एक सोपी वाट आहे. वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असेल (रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत) तर जमेच्या निम्मी रक्कम नफा समजून त्यावर कर भरता येतो आणि आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. आपला व्यवसाय त्या यादीत बसतो की नाही हे सीएला विचारूनच ठरवावं, मित्राने केलं म्हणून आपण करू नये. व्यवसायकराचे वर्षाचे 2,500 रुपये आणि सेवांची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी, एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं सीए बघतो.

टीडीएसबद्दल मात्र दोन शब्द सांगते, कारण नव्या मुलामुलींची इथे घालमेल होते. 80,000 चं बिल केलं आणि 72,000 आले की त्यांना वाटतं, पैसे कापले. कंपनी किंवा संस्था व्यावसायिक शुल्कातून 10 टक्के कापून आपल्या पॅनवर सरकारात भरते. ते 8,000 आपलेच आहेत, विवरणपत्र भरताना करात वळते होतात. पण ते खरंच भरले गेलेत का, हे आयकराच्या संकेतस्थळावर दर तीन महिन्यांनी बघायचं. दिसत नसतील तर मंगळवारच्या फोनांच्या यादीत ते नाव घालायचं.

माझ्या धंद्यात वर्षभराची आवक एकसारखी कधीच नसते. महाराष्ट्रात 1909 पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, आणि त्या परंपरेतला माझा वाटा आषाढात सुरू होऊन घटस्थापनेच्या सुमारास संपतो. ऐन भरात गणपती येतात. विसर्जनाच्या मिरवणुकीला पेठांतले रस्ते बंद, छापखान्यातली माणसं मंडळांत आणि ढोलपथकांत. त्यामुळे अनंत चतुर्दशीच्या आधी कुठल्या फाइली प्रेसमध्ये पोचायला हव्यात, ते मी ज्येष्ठातच कॅलेंडरवर मागे मोजत लिहून ठेवते. दिवाळी झाली की शुकशुकाट. नोव्हेंबर-डिसेंबरात फोन वाजत नाही. पहिल्यांदा असं होतं तेव्हा माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पडेल त्या दराला पडेल ते काम घेतो. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी वेगळी असली की ती वेळ येत नाही. ‘नाही’ म्हणायची ताकद त्या गंगाजळीत आहे. आयुष्यात मी जी चांगली पुस्तकं केली, त्यांतली कितीतरी अशाच कुणाला तरी नकार दिल्यामुळे मोकळ्या झालेल्या वेळात केली.

आरोग्य विमा आणि म्हातारपणची तरतूद ही नोकरदाराला कंपनी करून देते, आपली आपण करायची. पीपीएफ आहे, त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. एनपीएस ही पेन्शन योजना 2009 पासून सगळ्यांना खुली आहे. ह्याची गणितं सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यात शिरत नाही. फक्त ती रक्कम पगाराच्याच तारखेला आपोआप वळती व्हावी, एवढं बघा.

दर कसा ठरवायचा, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ‘बाजारात काय चाललंय’ हे बघून बहुतेक जण ठरवतात. बाजार बघावाच, पण आधी स्वतःचा आकडा काढावा. समजा, घर, व्यवसायाचा खर्च, विमा, बचत आणि कर धरून वर्षाला 9,20,000 रुपये लागतात. सण, आजारपण, लग्नकार्यं, मंदीचे दिवस वजा करून 46 आठवडे कामाचे मिळाले. आठवड्यात बसतो चाळीस-पन्नास तास, पण त्यातले ज्याचे पैसे मिळतात असे तास 20 च्या आसपास. बाकीचे फोन, कोटेशन, प्रेसच्या फेऱ्या, शिकणं ह्यांत जातात. 46 गुणिले 20 म्हणजे 920 तास. म्हणजे तासाचे 1,000 रुपये पडायला हवेत. ह्याच्या खाली काम केलं तर आपण घरातून पैसे घालतो आहोत. हा आकडा कुणाला सांगायचा नसतो, पण तो माहीत असला की दर सांगताना आवाज कापत नाही. कारण मग तो दर आपल्या मनाचा राहत नाही, त्याला हिशेबाचा आधार असतो.

त्यासाठी तास टिपावे लागतात. माझ्या टेबलावर एक साधी शाळेची वही असते. बसताना वेळ, उठताना वेळ, कामाचं नाव. कित्येक गोष्टी ह्या वहीने मला दाखवल्या. कोष्टकं असलेलं एक पान साध्या कादंबरीच्या कित्येक पानांइतका वेळ घेतं. पाककृतींच्या पुस्तकात मजकुरापेक्षा मापांचे अपूर्णांक जास्त वेळ खातात. कवितासंग्रह दिसतो छोटा, पण ओळ कुठे तोडायची ह्यावर कवीशी बोलण्यात दुपारच्या दुपारी जातात, आणि त्या मला प्रिय आहेत. म्हणून कवितेचा दर मी वेळ बघून ठरवत नाही. तो माझा निर्णय आहे, आणि वर्षाला असं किती काम करायचं हेही आधीच ठरलेलं असतं. कमी पैशांत किंवा बिनपैशांत काम करण्यात मला काही गैर वाटत नाही. ते आपण जाणूनबुजून केलेलं असावं. भिडेपायी केलेलं फुकट काम मन कडू करतं, आपण होऊन दिलेलं मन मोठं करतं.

वहीत एक रकाना शिकण्याचाही आहे. माझी पिढी श्री-लिपी ह्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर वाढली, ते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. त्या फाँटांत बोटं बसलेली होती. मग युनिकोड आलं, सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत. जुन्या फाइली नव्यात आणताना रफार आणि जोडाक्षरं तुटायची, ऱ्ह आणि ऱ्य डोळ्यांत तेल घालून शोधावे लागायचे. पुष्कळ सहकारी म्हणाले, आता कशाला नवं. बुधवारची दुपार मी शिकण्यासाठी राखली: आधी युनिकोड, मग ई-बुक, मग दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला फाइल नीट वाचता यावी म्हणून शीर्षकांची उतरंड कशी लावायची ते. ह्या शेवटच्या गोष्टीचं समाधान मला शब्दांत सांगता येत नाही. एका वाचकाने फोन करून सांगितलं की मी केलेलं ई-बुक त्यांनी पहिल्यांदाच प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारत, कुणाची मदत न घेता वाचलं. बुधवारची दुपार कुठल्याही अंकाच्या घाईत मी कुणाला देत नाही.

एकट्याने काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बरोबरीची माणसं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जे कळतं ते आपल्याला कळत नाही. कुणाला किती दर मिळतो, कोण पैसे वेळेवर देतं, कोण बुडवतं. आम्ही काही जण रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जातो. एक चित्रकार, एक फिजिओथेरपिस्ट, एक सीए, एक ध्वनिसंकलन करणारा मुलगा. चढताना कुणी फारसं बोलत नाही. वर वेताळाच्या देवळाशी टेकलो की सुरू होतं. तिथे एक नियम आम्ही पाळतो: आकडा सांगायचा. ‘बरं चाललंय’ चालत नाही. पहिल्यांदा सांगताना सगळ्यांनाच जड गेलं, आता कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्याचा आकडा ऐकून हेवा वाटण्याची मला भीती होती. प्रत्यक्षात झालं असं की ज्याचा दर सगळ्यात कमी होता त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवायला लावला.

गेल्या महिन्यात त्या चित्रकाराची भाची माझ्याकडे आली होती. अभिनव कला महाविद्यालयातून शिकून नुकतीच बाहेर पडलेली, रेषा अतिशय गोड. मुलांच्या पुस्तकाची चित्रं करायचं पहिलं मोठं काम तिला आलं होतं. प्रकाशकांनी विचारलं होतं, ‘तुमचं काय होईल?’ आणि तिने काहीच कळवलं नव्हतं. ‘मावशी, जास्त सांगितलं आणि काम गेलं तर? कमी सांगितलं तर वर्षभर तेच करत बसेन.’ आम्ही टेबलाशी बसलो. आधी तिचे तास काढले. एका चित्राच्या कच्च्या आराखड्याला किती, रंगाला किती, दुरुस्त्यांना किती. मग पत्र लिहिलं, तिच्याच भाषेत. चित्रांची संख्या, आकार, आराखड्यातच बदल सुचवावेत आणि रंग लागल्यावरच्या बदलांना वेगळा दर, मुखपृष्ठाचे दोन पर्याय, चित्रांचे हक्क फक्त ह्या पुस्तकापुरते, निम्मी रक्कम आगाऊ. हक्कांच्या ओळीवर ती बराच वेळ थांबली. ‘हे लिहिलं तर उद्धट वाटेल का?’ मी म्हटलं, ‘उद्या त्यांनी ही चित्रं वहीच्या कव्हरवर छापली तर तुला चालेल का?’ तिने ती ओळ ठेवली.

उत्तर संध्याकाळी आलं. मुखपृष्ठाचे तीन पर्याय लागतील, बाकी मान्य. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. तिने स्वतःच टाइप केलं: ‘दोन पर्याय ह्या रकमेत धरले आहेत. तिसरा करून देईन, त्याचे वेगळे कळवते.’ तिकडून आलं, ‘दोन पुरेत. आगाऊ रक्कम उद्या पाठवतो, खात्याचा तपशील द्या.’ व्यवसायाचं वेगळं खातं तिचं अजून नव्हतं. सकाळी ती आधी बँकेत गेली.